श्रावण वद्य पंचमीची साक्ष

मित्रांनो, मी सन दोन हजार एकवीसची एक जुनी दिनदर्शिका आहे. जुनी म्हणजे रद्दी, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याने जरा दम धरावा.

माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यात झाला. भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या पुड्यांसोबत पार्सलमधून मी तोक्योला आले. तिथल्या हिगाशी-कसाई भागात वीणाचा भाड्याचा फ्लॅट होता. त्यात खिळा ठोकायला बंदी, म्हणून तिने मला चुंबकाच्या आकड्याने फ्रिजला लटकवलं. ती रोज माझ्या एका चौकटीत नवा जपानी शब्द लिहायची. वर्ष सरलं तेव्हा तिचा नवरा सत्यजित मला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात बांधायला निघाला. माझी टिनाची पट्टी उचकटून वेगळ्या कचऱ्यात टाकायची, हेही त्याने ठरवलं होतं!

"अरे, ती माझी वही आहे," म्हणत वीणाने मला हिसकावून घेतलं. पुढे काही वर्षं मी कपाटात धूळ खात पडले आणि वीणा हिंदी-जपानी दुभाषी झाली.

मग एका चौकशीसाठी तिने मला पिशवीत घातलं. उत्तर भारतातला विजयकुमार जपानमध्ये आश्रय मागत होता. त्याने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावच्या पंचांनी माणसं धाडून त्याचं डोकं फोडलं होतं, तेही नेमकं माझ्याच वर्षी, दोन हजार एकवीसमध्ये. पोलिसांनी तक्रारसुद्धा लिहून घेतली नव्हती. परत गेलो तर जिवंत सोडणार नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

वीणाने घरी कुणाचं नाव काढलं नव्हतं, आश्रयाची चौकशी आहे एवढंच सांगितलं होतं. तरी सत्यजित म्हणालाच, "व्हिसा वाढवायला लोक काहीही सांगतात गं. मान आपली खाली जाते." मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

अशा चौकशीत माणसाची भीती खरी की बनावट, हे तपासताना तारखा फार बारकाईने पाहतात. विजयकुमारला इंग्रजी तारीख आठवेना. तिथी मात्र पाठ होती, सावन बदी पंचमी. वीणाने माझ्यावरच्या श्रावण वद्य पंचमीवर बोट ठेवलं आणि ऑगस्टअखेरची तारीख सांगितली.

अधिकाऱ्यांनी दवाखान्याचा कागद पुढे सरकवला. त्यावर जुलैची तारीख होती. मार ऑगस्टमध्ये आणि टाके जुलैमध्ये?

विजयकुमारचा चेहरा पडला. "दीदी, जो हुआ वही बोला है. उसके बाद हरियाली तीज आई, तब तक टाँके भी कट गए थे."

वीणा दचकली. ती तीज श्रावण शुद्धातली, म्हणजे माझ्या पानावर वद्य पंचमीच्या आधी. मग ती नंतर कशी आली? मित्रांनो, आपला महिना अमावास्येनंतर सुरू होतो, उत्तरेकडचा पौर्णिमेनंतर. त्यांचा सावन बदी म्हणजे आपला आषाढ वद्य. तो खरं बोलत होता, माझी छपाईही खरी होती. चुकली होती वीणा.

ती अधिकाऱ्यांना जपानीत म्हणाली, "चूक माझी आहे, यांची नाही. मार जुलैमध्येच बसला."

"दुभाषी-सान, तुम्ही फक्त भाषांतर करा."

"भाषांतरच चुकलंय. दुरुस्ती लिहिल्याशिवाय मी जबाबावर सही करणार नाही."

"मग तुम्हाला पुन्हा बोलावणं अवघड होईल."

"नका बोलावू."

तिने मला टेबलावर पसरलं, जुलैचं पान उघडलं आणि एकेक तिथी मोजून दाखवली. तासाभराने दुरुस्ती लिहिली गेली, तेव्हाच तिने सही केली. त्यानंतर तिला खरोखरच बोलावणं आलेलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो.

मित्रांनो, कुणाची भीती तपासायची तर खुशाल तपासा. पण आपल्या भिंतीवरचा महिना साऱ्या जगाचा समजू नका. समोरच्याला खोटारडा म्हणण्याआधी त्याच्या गावचा महिना कधी सुरू होतो, तेवढं विचारा.

निकाल अजून लागायचा आहे. मी आता विजयकुमारच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून जोडलेली आहे. त्याला खोटा ठरवायला जो कुणी ती फाइल उघडेल, त्याला आधी मला खोटं पाडावं लागेल. पाडून दाखवा म्हणावं!