पिकअपचा ताप

बॉनेट उघडं, इंजिनावर मंतरलेलं पाणी आणि भोवती अख्खा बाजार गोळा. "अपघातात गेलेल्या ड्रायव्हरचा जीव हिच्यात अडकलाय! त्याला घरी जायचंय आणि ही त्याला टोमॅटो वाहायला लावते!" मांत्रिक बाबा गरजले. अर्ध्या तासाने त्यांनी किल्ली फिरवायला सांगितली आणि पिकअप एका दमात सुरू झाली. सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या त्या गाडीच्या मालकाने. स्वतः ड्रायव्हर, डोळे मिटून प्लग बदलणारा हा शहाणा पुढे महिनाभर तो चमत्कार तिखटमीठ लावून सांगत होता.

आज मात्र गाडीत त्याची आई होती. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, आता स्वतःच डायलिसिसवर. हॉस्पिटलच्या वाटेवर गावाबाहेरच्या पंपावर पेट्रोल भरलं आणि गाडी रुसली. स्टार्टर फिरे, पण इंजिन पेटेना. दुसरं वाहन दिसेना. वेळ टळली तर मशीन दुसऱ्या पेशंटला जाणार होतं आणि आईला आताच धाप लागली होती. त्याने फोन काढला.

"कुणाला लावतोस?"

"बाबांना."

"ठेव तो! पेशंट सकाळी कसा असतो?"

"कोण पेशंट?"

"ही तुझी गाडी!"

"सकाळी झटक्यात सुरू होते. तापल्यावर बंद केली की हटून बसते."

"आणि बाबा काय करतात?"

"बॉनेट उघडून पाणी शिंपडतात, अर्धा तास मंत्र म्हणतात."

"तापाच्या पेशंटला मीही गार पट्ट्या ठेवायचे. माझ्या नाही कुणी पाया पडलं."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इग्निशन कॉइल! खराब कॉइल तापली की ठिणगी देत नाही, गार झाली की देते. दुसऱ्याच्या गाडीत हा दोष त्याने झोपेतही ओळखला असता. स्वतःच्या गाडीत त्याला भूत सापडलं होतं. त्याने टॉवेल भिजवून कॉइलला गुंडाळला आणि सवयीने त्याचे ओठ हलू लागले.

"तोंड बंद!" आई ओरडली. "नाहीतर पुन्हा श्रेय बाबालाच जाईल."

थोड्या वेळाने गाडी निमूटपणे सुरू झाली. आई वेळेत मशीनवर गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याने आपली फजिती स्वतःच सांगितली. लोक पोट धरून हसले.

"पण बाबांच्या मंत्राने सुरू झाली होतीच ना?" फळवाला म्हणाला.

"मंत्र न म्हणताही होते का, हे मी एकदाही करून बघितलं नाही. तुम्ही तरी बघत जा," तो म्हणाला. "काल बाबांची वाट बघत बसलो असतो, तरी गाडी सुरू झालीच असती. आईचं सांगता येत नाही."