किरकोळच्या फायलीतले दोन गुरुवार

सासूबाईंचा रक्तदाब मोजण्याचा शिरस्ता ठरलेला होता. सकाळी यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळायचा, तीनदा मोजायचं आणि वहीत एकच आकडा लिहायचा.

"एकशे अडुसष्ट," सुनेनं वाकून पाहिलं. "लिहा की, आई."

"हा चुकलाय. आत्ताच जिना चढून आले." पुढचा एकशे चौसष्ट आला. "हाही चुकला. तू मध्येच बोललीस." तिसरा एकशे बेचाळीस. सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बघ, हा खरा."

"मग पहिले दोन मोजता कशाला?"

"त्याशिवाय खरा कसा येणार? तुमच्या हापिसात चालत असेल पहिल्याच फटक्याला!"

सून हसली आणि बॅग उचलून निघाली. ऑफिसात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. गुप्तवार्ता विभागात तिला सव्वीस वर्षं झाली होती आणि बाईंनी भिंतीवर टाचणी टोचली की माणूस गेलाच, असा तिचा लौकिक होता.

सध्या टाचणी एका घड्याळजीच्या फोटोला होती. लष्कराच्या मालगाड्यांचं गुप्त वेळापत्रक दर गुरुवारी संध्याकाळी सीमेपलीकडे पोचत होतं. घड्याळजी दर गुरुवारी दुपारी रेल्वे कचेरीसमोरच्या बाकावर वीस मिनिटं बसायचा. त्याच बाकावर कचेरीतले कारकून डबा खायला येत. त्याला उचलायच्या हुकमावर आज अकरा वाजता बाईंची सही व्हायची होती.

बसमध्ये तिकीट काढताना बाईंना सासूबाईंचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. हा चुकलाय. असंच काहीतरी आपणही कुठेतरी लिहिलंय, असं त्यांना वाटलं. कुठे, ते आठवेना.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी खोलीचं दार लावलं आणि भिंतीवरच्या एकेचाळीस चिठ्ठ्या उतरवून टेबलावर मांडल्या. पाळतीवरचा माणूस एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायचा. जुळेल ती चिठ्ठी भिंतीवर, न जुळेल ती 'किरकोळ' नावाच्या फायलीत, हा नियम बाईंचाच होता. भिंत लहान होती, दुसरं काही कारण नव्हतं.

आज त्यांनी प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारला. हा माणूस नुसताच घड्याळजी असता, तर ही चिठ्ठी वेगळी असती का?

'बारीक बॅटऱ्या घेतल्या.' घड्याळजीच तो, भोपळे घेणार होता? 'रस्ता बदलून आला.' त्या आठवड्यात जुना रस्ता खणलेला होता. 'सारखं घड्याळ पाहतो.' इथे बाईंना स्वतःचीच लाज वाटली. 'दुकानाची गुपचूप झडती घेतली, काहीही सापडलं नाही.' याखाली त्यांच्याच अक्षरात शेरा होता: पक्का मुरलेला आहे.

सापडलं असतं तर दोषी, नाही सापडलं तर जास्तच दोषी. साप साप म्हणून भुई धोपटणं याहून वेगळं काय असतं?

मग त्यांनी किरकोळची फाईल उघडली. आत सात चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी उभ्यानेच वाचल्या. 'गुरुवार. बाकावर आला नाही. बायको रुग्णालयात, दिवसभर तिच्यापाशी.' पुढच्या गुरुवारीही तेच. दोन्ही गुरुवारी वेळापत्रक मात्र ठरल्या वेळी बाहेर गेलं होतं. समासात बाईंचं अक्षर: आधीच निरोप दिला असणार.

पण वेळापत्रक तयारच व्हायचं गुरुवारी सकाळी. आधी द्यायला होतं काय?

त्यांनी पाळतीवरच्या माणसाला बोलावलं. निवृत्तीला आलेल्या या माणसाला सगळे 'सावली' म्हणत.

"हे दोन गुरुवार तुम्ही मला तोंडी का नाही सांगितलेत?"

"सांगितले होते, बाई. तुम्ही म्हणालात, सावली, तुमचे पाय दुखायला लागलेत, नजर चुकली असेल."

"असं म्हणाले मी?"

"हसून म्हणालात. म्हणून राग नाही आला."

अकरा वाजता साहेबांनी हुकूम पुढे सरकवला. बाईंनी पेन खिशातून काढलंच नाही. दोन चिठ्ठ्या तेवढ्या टेबलावर ठेवल्या.

"सही होणार नाही, साहेब. माणूस चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे. याला उचललं तर खरा सावध होईल, शिवाय एक आजारी बाई रुग्णालयात एकटी पडेल."

साहेबांनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. "बाई, सव्वीस वर्षांत तुमचा अंदाज कधी चुकला नाही."

"चुकला नाही, की चुकलेला लिहिला नाही, ते आता तपासावं लागेल."

"वर काय सांगू मी? सात आठवडे एका बाकावर नजर ठेवून बसलो होतो?"

"तेच सांगा. आणि वेळापत्रक ज्यांच्या हातात पडतं, त्यांची यादी मला परत द्या. घड्याळजी मिळाला त्या दिवशी मी ती मिटून ठेवली होती."

यादीत नऊ नावं होती. या वेळी बाईंनी आधी कोणावर संशय घेतला नाही. प्रत्येकाला सुटायची संधी दिली, आणि आठजण सुटले. नववा वेळापत्रकाच्या प्रती काढणारा अधिकारी होता. बाकावरच्या घड्याळजीविषयी विभागाला पहिल्यांदा त्यानेच कळवलं होतं, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी 'सहकार्य उत्तम' असं लिहून त्याचं नाव खोडलं होतं. बाराव्या दिवशी तो मुद्देमालासकट सापडला.

त्यानंतरच्या गुरुवारी सावली दारात उभा राहिला. "घड्याळजी आज परत बाकावर आला होता. बायकोला सोडलंय वाटतं, बरोबर होती. त्याला काही कळवायचं का?"

"काय कळवणार? आम्ही तुम्हाला उचलणार होतो, पण आमच्या सासूबाईंनी वाचवलं?"

सावलीला काही कळलं नाही, पण तो हसला. बाईंनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, घड्याळजीचा फोटो भिंतीवरून काढला आणि किरकोळची फाईल तिथे खिळ्याला लटकवली, अगदी डोळ्यांसमोर.