घरी वाचून घ्या

साहेब, शरीराचा तो धडा तुमच्याच शाळांच्या वर्गात शिकवायची लाज तुम्हाला वाटली आणि निर्लज्ज मला ठरवलंत.

मित्रांनो, मी परदेशीपुऱ्यातल्या सायबर कॅफेचा एक जुना संगणक आहे. मिलचा भोंगा कायमचा बंद झाला, तेव्हा तिथून घरी बसलेल्या सुधाकरजींनी पुढची खोली रिकामी करून मला मांडलं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. परीक्षेचा निकाल माझ्या काचेवर उमटला की लोक पहिला पेढा मला दाखवत. मग प्लायवूडचे खण झाले, त्यांना पडदे लागले आणि पडद्याआड जवान पोरं भलतंच विचारू लागली. मला खरं-खोटं कळत नाही. जे खपतं, ते मी दाखवतो.

बुद्धरत्न चोवीस वर्षांचा. महूच्या पंचशीलाशी त्याचं लग्न ठरलेलं. माझ्यावरचे ते पिक्चर पाहून पाहून त्याच्या मनाने घेतलं की, आपल्यातच कमी आहे. त्याने लग्न मोडलं, कारण सांगितलं नाही. पंचशीला थेट दुकानात आली.

"भिया, पडदा उघडाच राहू द्या," ती सुधाकरजींना म्हणाली. मग बुद्धरत्नकडे वळली. "माझ्यात काय खोट निघाली?"

"तुझ्यात नाही, माझ्यात." त्याने माझ्याकडे बोट केलं. "मी यांच्यासारखा नाही."

तिने जरा पाहिलं, तोंड वाकडं केलं. "पिक्चरमधला हिरो एकटा वीस गुंडे लोळवतो, तेव्हा फेकतोय म्हणून हसतोस. मग हे कसं खरं?"

"मग खरं काय?"

"शाळेत आमच्या बाई म्हणाल्या होत्या, शरीराचा हा धडा घरी वाचून घ्या."

"आमचे सरही तेच म्हणाले. घरी विचारलं, तर बाबांनी कानाखाली दिली."

खरं काय ते विचारायला दोघं दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच दुकानात आला.

"क्या हुआ भिया?" सुधाकरजींनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, आधी लग्न करा, मग या. बाकावरचे सगळे हसले."

"आणि ती?"

"म्हणते, खरं काय ते विचारून ये, मग तारीख काढू."

मग त्याने पडदा ओढला आणि मलाच विचारलं. मी पुन्हा तेच दाखवलं.

पुढे, साहेब, तुमची माणसं आली. पडदे फाडले, माझी काच फोडली, पेपरात फोटो दिला. आज मी भंगारात पडलोय. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही.

पण साहेब, काच फुटली तरी प्रश्न फुटला नाही. पंचशीला अजून थांबली आहे. आता पुन्हा 'घरी वाचून घ्या' म्हणू नका. सांगा, खरं काय?