अनुजाचं औषध माझ्या पोटात होतं

मित्रांनो, मी कसबा बावड्यातल्या एका स्वयंपाकघरातला जुना लाल फ्रीज. माझं घरघरणं ऐकून सगळे वैतागतात, म्हणून आज तुमच्याशी बोलतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. दसऱ्याला आण्णांनी मला टेम्पोतून घरी आणलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आण्णा म्हणजे या घरचे कर्ते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, आता म्हशी सांभाळणारे. पहिल्या उन्हाळ्यात सगळी गल्ली बर्फासाठी माझ्याकडे यायची. काय तो रुबाब! पुढे घरोघरी फ्रीज आले आणि माझ्या डोक्यावर किल्ल्या नि रद्दी येऊन बसली. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!

मग आण्णांची नात अनुजा आजारी पडली. ती गुजरीतल्या एका सराफासाठी घरी बसून कोल्हापुरी साज ओवायची. बोटं अशी चालायची की बघत राहावं. हिवाळ्यातल्या एका सकाळी तिची मूठच वळेना. डॉक्टर म्हणाले, हा संधिवात आहे. अंगाची राखण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर तुटून पडली आहे. गोळ्यांनी गुण येईना. शेवटी क्षयाची तपासणी करून इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी एक. ते गार ठेवावं लागतं. त्यामुळे मला पुन्हा मान मिळाला.

नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं अनुजानं घरी आल्या आल्या आण्णांना सांगितलं.

"आण्णा, ह्या औषधानं दुखणं दबतंय, पण रोगासंगं झुंजायची ताकदबी दबती. ताप आला, खोकला धरला, जखम चिघळली, तर इंजेक्शन घ्यायचं न्हाय, आधी दवाखान्यात फोन करायचा. लस घ्यायची तर इचारून. आन कच्चं दूध अजिबात न्हाय."

"आन हे ठेवायचं कुठं?"

"फ्रीजात. पण बर्फाच्या कप्प्यात न्हाय."

"ते माझ्याकडं लागलं," आण्णा म्हणाले.

आणि खरंच, त्यांनी ते जिवापाड सांभाळलं. "दार उघडं टाकू नका रं, आत पोरीचं औषध हाय!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. लाइट गेली की बर्फ आणायला पळायचे. नातीवर एवढी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुण आला. अनुजा पुन्हा मणी ओवू लागली. आता पोरीच्या अंगात ताकद भरायची, असं आण्णांनी मनावर घेतलं. आमच्या कोल्हापुरात ताकद म्हटली की दूध आठवतं, तेही म्हशीच्या सडातून थेट पेल्यात काढलेलं, कोमट, फेसाळ. लोक दूधकट्ट्यावर म्हशीशेजारीच उभे राहून पितात. ते चुलीवर जात नाही.

"आण्णा, नर्सबाई कच्चं दूध नको म्हणल्यात की!"

"ते इकतच्या दुधाचं. घरच्या म्हशीला कसला रोग? मी ह्याच दुधावर कुस्त्या मारल्यात. पी गप."

अनुजानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला रिकामा केला. मग रोजच पीत गेली. त्याच सुमाराला एक म्हैस गाभडली, दिवस भरण्याआधीच तिचं रेडकू गेलं. नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. जनावरांच्या डॉक्टरला कुणी बोलावलं नाही. अरे देवा, किती साधी गोष्ट होती!

पुढे अनुजाला संध्याकाळी ताप येऊ लागला, घाम फुटू लागला, पाठ दुखू लागली. तेवढ्यात इंजेक्शनचा दिवस आला.

"फोन करून इचारूया का?" ती म्हणाली.

"तारीख चुकवून कसं चालंल? ताप काय, काढ्यानं जाईल की." आण्णांनी माझ्यातून इंजेक्शन काढलं आणि तिला घ्यायला लावलं. मी नुसता घरघरत राहिलो. माझ्या घरघरण्याकडे कोण लक्ष देतो?

नंतर तिला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. ज्यानं म्हैस गाभडली तोच जंतू कच्च्या दुधातून आला होता आणि दबलेल्या अंगात थेट मणक्यात जाऊन बसला होता. ती घरी आली ती वाकूनच. इंजेक्शन बंद झालं. ते द्यावं तर जंतू उठेल, न द्यावं तर संधिवात उठतो. इकडे आड, तिकडे विहीर. आण्णा गोठ्यात बसून "मीच पाजलं, मीच पाजलं," म्हणत रडतात आणि अनुजाच त्यांची समजूत काढते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला असं औषध चालू असेल तर नुसतं औषध सांभाळू नका, माणूस सांभाळा. दूध उकळून द्या, घरच्या म्हशीचं असलं तरी. ताप आला की पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मायेच्या माणसालाही "नाही" म्हणा. तुम्ही ऐकाल की नाही, कोण जाणे. इथेही सगळं सांगून झालं होतं.

काल दुपारी अनुजा घरात एकटी होती. तिला गार पाणी हवं होतं. तिनं माझ्या मुठीला बोटं लावली, ती वळेनात. मग मनगटानं ओढून पाहिलं, मग कोपरानं. दार हललंसुद्धा नाही. थोडा वेळ ती माझ्यावर डोकं टेकून उभी राहिली, आणि पाणी न पिताच आत जाऊन पडली.