मॉस्कोला टाकलेलं पत्र

पत्र मी लिहिलं, तिकिटं मी चिकटवली आणि कांदिवलीच्या पोस्टात टाकलंही मीच. नववीतल्या मुलीचं थेट मॉस्कोला पत्र! वर्गात मी दोन दिवस नुसती मिरवत होते.

आमचे गुणाजीकाका छापखान्यात मशीनवर आहेत. चौऱ्याहत्तर साली ते मशीन शिकायला वर्षभर मॉस्कोत होते, तिथे त्यांना अर्कादी भेटला. चित्रकार. दिवसा तो सरकारी प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकांत अस्वलं, ससे काढायचा, त्यावर घर चालायचं. स्वतःची चित्रं मात्र घरात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्यांत पाच बिऱ्हाडांचं एकच स्वयंपाकघर आणि शेगडीशी दमून बसलेल्या बायका. काका म्हणतात, अगदी आपल्या गिरणगावातल्या चाळीतल्यासारख्या! पण सरकारला हवे होते हसरे कामगार. एकदा मित्रांबरोबर त्याने उघड्या माळावर चित्रं मांडली, तर अंगावर बुलडोझर आले. त्यानंतर प्रदर्शन नाहीच.

परत आल्यावर काकांनी त्याला एकही पत्र टाकलं नाही. "परदेशातना पत्र गेला की त्याची चौकशी होतली," म्हणायचे. पण दर वर्षी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं, की काका रजा टाकून माझ्याआधी हजर. एकेक पुस्तक उघडून चित्रकाराचं नाव शोधायचे. सापडलं, म्हणजे तो आहे. कामावर आहे. मग अस्वलाच्या गालावरून हळूच बोट फिरवायचे.

या वर्षीही नाव सापडलं. घरी आल्यावर मी पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. पुस्तक आणि चित्रं कशी वाटली ते जरूर कळवा, असं लिहून खाली पत्ता दिला होता. म्हटलं, अरे, एवढं सोपं!

तिसऱ्या दिवशी जेवताना मी गुपित फोडलं. "काका, सरप्राइज! अर्कादीच्या ऑफिसला मी पत्र टाकलं."

काका हसले. "काय लिहिलंस गो?"

"अस्वल एकदम झकास आहे. पण माझ्या काकांनी अर्कादींची घरातली चित्रं बघितलीत, ती याहून झकास आहेत म्हणे. ती तुम्ही का छापत नाही?"

काकांचा घास हातातच राहिला.

"चेडवा, ह्या सरकारच्या ऑफिसाक कशाक सांगलंस?"

"असू दे हो भावजी, पोर आहे," आई म्हणाली.

"पोर आसा म्हणानच खरा ता लिहिल्यान!"

माझी सगळी मिजास ताटात उतरली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोस्टात धावलो. खिडकीतले दशरथमामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तेरवाची डाक तेरवाच गेली. आता विमानाला हाक मारू काय?"

चार महिन्यांनी उत्तर आलं. एक गुळगुळीत कॅलेंडर आणि मराठीत टाइप केलेल्या दोन ओळी, आपल्या मताबद्दल आभारी आहोत. अर्कादीचं नाव कुठेच नाही.

"वाचलंच नसेल, काका."

"नायतर वाचल्यानी आसात."

मग काका उठले, शर्ट चढवून बाहेर गेले आणि परदेशी पाठवायचा एक एअरोग्राम घेऊन आले. "आता लपवूचा काय रवला?" असं म्हणत त्यांनी पत्ता लिहायला घेतला. रशियन अक्षरांत, कुठेही न बघता, एकदाही न खोडता. बारा वर्षं तो पत्ता त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे!

मग पेन थांबलं.

"आता काय लिहू? तूच सांग. चित्रांचा काय्येक विचारूचा नाय."

एरवी मी पानभर सांगितलं असतं.

"विचारा ना," मी म्हटलं, "जेवलास का?"

काकांनी तेवढंच लिहिलं. खाली सही केली. आणि कागद दुमडून त्याच्या कडा चिकटवायला इतका वेळ लावला, की आई चहासाठी दोनदा हाक मारून गेली.