शोएबचा डबा

सुकट, कोकम, मसाला

परदेशी निघालेल्या पोराची बॅग त्याच्या एकट्याची नसते, हे महाडच्या मोहल्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही. सोहेलची सुट्टी संपत आली तशी रजियाच्या घरी पुडकी येऊ लागली. कुणाच्या जावयाला सुकट, कुणाच्या भावाला कोकम, कुणाच्या मुलाला घरचा मसाला. माणसं चहा पिऊन, दुआ देऊन जायची आणि त्यांची पाठ वळली की सोहेलची ही आई कात्री घेऊन बसायची.

तिला भीती खसखशीची. दुबईच्या विमानतळावर खसखस म्हणजे अफूच धरतात, असं तिनं ऐकलं होतं. तिच्या नणदेचा मुलगा दुसऱ्याच्या मसाल्यापायी तिथं आत बसून आला होता. तेव्हापासून ती प्रत्येक शिवण उसवायची, मसाला परातीत पसरून बोटानं चाळायची आणि पुन्हा शिवून टाकायची. लोकांना ते माहीत होतं. तोंडावर कुणी बोलत नसे.

"अम्मी, तू कस्टममध्ये नोकरीला लाग," सोहेल म्हणाला.

"लागले असते तर तुझा आतेभाऊ सुटला असता. आणि न्हाणीतला नळ बंद कर. बघावं तेव्हा सोडलेला."

"हात धूत होतो."

"हात हायत का लग्नाची भांडी?"

सोहेल हसला. जरा उशिरा हसला.

डबा

मग जवळच्या नाते गावाहून नबीला आली. तिचा नवरा शोएब सोहेलच्याच कंपनीत; सोहेलला नोकरी त्यानंच लावलेली. तिच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला.

"काय हाय गो यात?"

"औषधं, चाची. उलटीची, जुलाबाची, जळजळीची. यांना तिकडचं खाणं मानवत नाय."

"इतकी वर्षं मानवलं की."

"आता नाय मानवत." नबीला ओढणी सावरत उठली. कपात चहा अर्धा राहिला.

रजियाला तिथंच खटकलं. बशीतला शेवटचा थेंब निथळवून पिणारी बाई ही. हिला आज कसली घाई?

तिनं पट्टी कापली.

मीठसाखरेच्या पावडरीची पाकिटं. गुलाबी औषधाची बाटली. आणि गोळ्या. दुकानदार कात्रीनं पट्टी कापून देतो तशा कापलेल्या, एकीवर नावाचं नुसतं शेपूट, दुसरीवर तेही नाही. एवढ्या गोळ्या, आणि पोट एकाचं?

कात्री

स्टँडजवळच्या मेडिकलवाल्या हर्षदनं पट्ट्या उजेडात धरल्या.

"काकी, ही उलटीची. घाटात गाडी लागते ते लोक पोलादपूर यायच्या आधी हीच घेतात. ही अ‍ॅसिडिटीची. ही पांढरी मात्र... नाव दुसऱ्या तुकड्यावर गेलं."

"जुलाबाची म्हणाली ती."

"असेल. पण त्यातही प्रकार आहेत. एका प्रकारात अफूच्या जातीचं औषध असतं, अगदी थोडं. परवानगी न घेता तिकडे नेली तर पंचाईत होईल. ही तीच आहे की नाही, ते नुसतं बघून मी सांगणार नाही."

पुढचं रजियाला ऐकूच आलं नाही. अफू.

उसवलेली शिवण

शोएबनं नोकरी लावली. का लावली? सख्ख्या मेव्हण्याला सोडून माझ्याच पोराला का? दर सुट्टीत काहीतरी न्यायला सांगतो. मागच्या खेपेला बाम. बामच होता ना तो? आणि पकडला जाईल कोण, तर ज्याच्या हातात बॅग तो.

रिक्षा नाते गावात, नबीलाच्या दारी थांबली.

अंगण

"घे तुझा डबा. माझा पोरगा नेणार नाय. शोएबनं अफूचा धंदा काढलाय काय?"

नबीला कपडे वाळत घालत होती. तिनं हातातली चादर तशीच बादलीत टाकली.

"चाची, काहीपण बोलू नका! माझ्या नवऱ्याला एका गोळीची गरज नाय. दगड पचतात त्याला, दगड!"

बोलली आणि तिनं तोंडावर हात धरला.

"मग हे कुणाला?"

नबीलानं बादलीतली चादर पुन्हा पिळायला घेतली.

"कुणाला गो?"

"डबा माझा नाय, चाची. तुमच्या सोहेलनंच मला आणून दिला. म्हणाला, शोएबच्या नावानं अम्मीच्या हातात दे. माझी बॅग अम्मीच भरते, माझ्या गोळ्या दिसल्या तर मला जाऊ देणार नाय. डबा उघडलाच तरी शोएबची औषधं म्हणून सोडून देईल, म्हणाला." तिचा आवाज खाली गेला. "मला शपथ घातली त्यानं."

रजिया रिक्षात बसली तेव्हा डबा मांडीवर होता. सगळ्या जगाची पुडकी उसवली आणि घरातलं... कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं त्यानं. भाकरी अर्धी ठेवून उठायचा. आणि तो नळ. ती पाण्याच्या नासाडीवरून ओरडत राहिली, नळाखाली कसला आवाज बुडतोय ते तिनं ऐकलं नाही.

ताट

संध्याकाळी तिनं सोहेलला वाढलं आणि ताटाशेजारी डबा ठेवला.

"ह्या कुणाच्या?"

"शोएबभाईच्या."

"शोएबला दगड पचतात."

सोहेलनं डबा ताटापासून दूर सारला.

"कधीपासून?"

"तिकडंच सुरू झालं."

"तिकडं डॉक्टर नाय?"

"तिकडं दाखवलं की कंपनीला कळतं. अनफिट म्हटलं की घरी पाठवतात."

"आणि इकडं?"

"इकडं दाखवलं की तुला कळतं."

रजियानं डाळ ढवळली. ढवळायची गरज नव्हती.

"रक्त जातं?"

सोहेलनं घास कालवला. उचलला नाही.

"परवा विमान हाय, अम्मी."

"विमानाचं मग बघू. सकाळी डॉक्टर. ही पांढरी गोळी कुठली, कुणी दिली, सगळं त्याच्यासमोर सांगायचं."

"शोएबभाई काय म्हणेल? त्यानं शब्द टाकला होता माझ्यासाठी."

"दगड पचवतो ना? हेपण पचवेल."

सोहेलला हसू आलं, आणि हसताहसताच त्याचा चेहरा पांढरा पडला. तो उठून न्हाणीत गेला. कडी लागली.

रजिया दाराबाहेर उभी राहिली. डब्यातलं मीठसाखरेचं एक पाकीट तिनं फोडलं होतं, पेल्यात चमचा फिरत होता. आतून ओकारीचा आवाज आला; आता नळ सुटेल म्हणून ती थांबली.

या खेपेला त्यानं नळ सोडला नाही.