पुट्टीखालचा पोचा

मी निळी गाडी बोलतेय. वय वर्षं अकरा. हॉर्नपलीकडे बोलायची मला सवय नाही. पण या रविवारी जे कानांवर पडलं, त्याने मी अजून हादरलेलीच आहे.

मला घरी आणलं बाबांनी. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांचा मोठा सत्कार झाला. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी माझी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत," म्हणाले. त्याला आता चार वर्षं झाली.

लेक कृत्रिम दात बनवते. छटेला छटा जुळवणं हा तिच्या हातचा मळ. गेल्या महिन्यात एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि माझ्या दिव्याशेजारी रंगाचा टवका गेला. आत गंज धरू लागला. गॅरेजवाला म्हणाला, पूर्ण पत्रा रंगवावा लागेल. लेक म्हणाली, "नखाएवढ्या टवक्यासाठी? मी घरीच करते!"

रविवारी सकाळी तिने मला धुतलं, पुसलं. माझ्या दाराच्या चौकटीवरचा रंगाचा नंबर दुकानात दाखवून त्याच निळ्याची इवलीशी बाटली आधीच आणली होती. टवक्याभोवती चिकटपट्टी लावून ती ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासू लागली. बाबा शेजारी स्टुलावर, पट्टीचं रीळ हातात घेऊन.

निळा थर गेला, राखाडी गेला आणि खालून पिवळसर पुट्टीचा एक तुकडाच निखळून पडला. आत माझा जुना पोचा उघडा.

"बघा बाबा, दादाचा प्रताप! चार वर्षांपूर्वी याच गाडीने त्याने पेपरवाल्याला उडवलं, तोच हा पोचा. म्हणूनच मी चिमीला त्याच्या गाडीत बसू देत नाही."

बाबांच्या हातातलं रीळ घरंगळत गेलं.

"तो गाडीत नव्हताच."

"म्हणजे?"

"मी चालवत होतो. वळणावर डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली."

मला हे ठाऊक होतं. पण बाबा कधी बोलतील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"चार दिवसांवर सत्कार होता. तो म्हणाला, बाबा, तुम्ही गप्प बसा, गाडी मी चालवत होतो असं सांगतो. मी गप्प बसलो."

"चार दिवस नाही, बाबा. चार वर्षं!"

तिने पॉलिश पेपर खाली ठेवला. चिमी तिची पोर. मामाने फिरायला नेतो म्हटलं की ही काहीतरी निमित्त काढायची. ते सगळं तिला आठवत असावं.

मग उठली. उघडा पत्रा गंजेल म्हणून प्रायमरचा पातळ हात दिला आणि तो सुकताच म्हणाली, "बसा गाडीत."

पेपरवाला कोपऱ्यावरच्या टपरीत होता. लंगडत बाहेर आला. बाबा माझ्या बॉनेटचा आधार घेऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पडताना काचेतून तुम्हीच दिसलात."

लेकीने विचारलं, "मग बोलला का नाहीत हो?"

"पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता, ताई. तुमचा भाऊ रोज पहाटे येऊन माझे पेपर टाकायचा. एक घर चुकवलं नाही. वर म्हणाला, माझ्या बाबांचं नाव कुठे काढू नका. मी कोणत्या तोंडाने बोलणार?"

आणि घरच्यांना वाटायचं, हा पहाटे व्यायामाला जातो!

लेकीने तिथूनच फोन लावला. "दादा..." ती एवढंच म्हणाली.

"अगं, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

तिने फोन बाबांच्या हातात दिला.

"मी सांगून टाकलं रे," बाबा म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "कशाला सांगितलंत, बाबा?" आणि तो मोठा माणूस हमसून हमसून रडू लागला.

आज बुधवार. मी अजून प्रायमरवरच उभी आहे, कपाळाला राख फासल्यासारखी. येणारेजाणारे विचारतात, काम अर्धवट का? त्यांचं सोडा. पण ताई, तुला एवढंच सांगते, वरचा रंग द्यायची घाई नको. दादा शनिवारी येतोय, दोघं मिळून द्या. तेवढे दिवस माझा पत्रा तग धरेल.